डिसेंबरचा निकाल आणि ‘डिफर’: अर्ली डिसिजनची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेजांना १ नोव्हेंबरला लवकरचा अर्ज आणि डिसेंबरच्या मध्यावर निकाल, हे वेळापत्रक न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पुण्यातल्या बाणेर-औंधपर्यंत बऱ्याच मराठी घरांना आता पाठ झालं आहे. २०२४ साली तर लक्ष्मीपूजनही १ नोव्हेंबरलाच आलं होतं. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून निबंधाची शेवटची ओळ खोडणारी मुलं त्या दिवशी कमी नसावीत. निकाल बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी लागतो. तिथले सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेपाच. ‘हो’ आलं किंवा ‘नाही’ आलं, तर पुढे काय करायचं ते निदान कळतं. ‘डिफर’ आलं, म्हणजे निर्णयच पुढे ढकलला, तर घर मार्चअखेरपर्यंत अधांतरी. हे तिसरं उत्तर आलं कुठून आणि एवढं वाढलं कसं, त्याची ही मागची गोष्ट.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्येकडची काही छोटी कॉलेजं आणि मुलींची नावाजलेली कॉलेजं यांनी अर्ली डिसिजनची (ईडी) ही सोय सुरू केली: एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि होकार आला तर तिथेच जायचं. ज्या मुलामुलीचं एका कॉलेजबद्दल पक्कं ठरलं आहे त्यांनी दहा ठिकाणी अर्ज करत बसू नये, एवढाच तिचा हेतू होता. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचं मात्र वेगळंच चालायचं. त्यांचे प्रतिनिधी ठरावीक नामांकित शाळांमध्ये जाऊन तिथल्या मुलांना आधीच ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे शेरे देऊन येत. ‘ए’ म्हणजे जवळपास नक्की, ‘सी’ म्हणजे दुसरीकडे बघा. सरकारी शाळेतल्या मुलाला असा आगाऊ शेरा कोण देणार? १९७० च्या दशकात ही गुपचूप व्यवस्था शोभेनाशी झाली, आणि १९७६ मध्ये तिच्या जागी अर्ली ॲक्शन (ईए) आलं. अर्ज लवकर, उत्तरही लवकर, पण बंधन नाही. तिथून दोन वाटा समांतर चालू लागल्या: बांधून घेणारी ईडी आणि न बांधणारी ईए. ज्यांच्याबद्दल नोव्हेंबरात मत बनत नव्हतं त्यांचे अर्ज वसंतातल्या नेहमीच्या अर्जांच्या ढिगात सरकवले जात. लवकर अर्ज करणारेच थोडे होते, त्यामुळे ‘पुन्हा बघतो’ याचा अर्थ खरोखर पुन्हा बघतो असाच असे.

हे चित्र कॉलेजांच्या क्रमवारीमुळे बदललं. एका साप्ताहिकाने १९८३ मध्ये कॉलेजांची यादी छापायला सुरुवात केली. पुढे कॉलेजची प्रतिष्ठा किती अर्ज नाकारले यावर आणि प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष आले यावर मोजली जाऊ लागली. हे दुसरं प्रमाण म्हणजे ‘यील्ड’. ईडीचं खरं इंधन तेच. समजा एका कॉलेजात हजार जागा आहेत, दहा हजार अर्ज आहेत, आणि प्रवेश दिलेल्या शंभरांपैकी चाळीसच येतात. मग त्या कॉलेजला अडीच हजार मुलांना ‘हो’ म्हणावं लागेल. पण निम्म्या जागा ईडीने भरल्या, तर ते पाचशे येणारच. उरलेल्या पाचशे जागांसाठी साडेबाराशे होकार पुरे. एकूण होकार साडेसतराशे. एकही प्राध्यापक न बदलता, एकही नवं ग्रंथालय न बांधता प्रवेशाचं प्रमाण २५ टक्क्यांवरून साडेसतरावर येतं, आणि कॉलेज आदल्या वर्षीपेक्षा ‘अवघड’ ठरतं. त्या साप्ताहिकाने २००३ मध्ये यील्डला गुण देणं थांबवलं, पण तोवर सवय लागून गेली होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर येल आणि प्रिन्स्टन ईएवरून ईडीवर आले, स्टॅनफर्डनेही ईडी सुरू केली. २००१ च्या डिसेंबरात येलच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे म्हटलं की ही पद्धत बंद झाली तर बरं. २००२ मध्ये चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने ती बंद केलीही. २००३ मध्ये येल आणि स्टॅनफर्ड बंधनकारक ईडी सोडून ‘एकाच ठिकाणी ईए’ (लवकरचा अर्ज एकाच कॉलेजला, पण बंधन नाही) या मधल्या मार्गावर गेले. त्याच वर्षी हजारो अर्जांचा अभ्यास करून तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की लवकर अर्ज केल्याचा फायदा तेव्हाच्या १६०० गुणांच्या एसएटी या प्रवेशपरीक्षेत साधारण शंभर गुण जास्त मिळाल्याएवढा असतो. शाळांमधले समुपदेशक हे आधीपासून कुजबुजत होतेच. आता ते आकड्यानिशी छापून आलं, आणि परिणाम उलटाच झाला: ज्यांना हे वाचून कळलं ते सगळे नोव्हेंबरात धावले.

(जाता जाता, स्पर्धा कुठवर गेली होती याचा एक नमुना. २००२ मध्ये येलने निकाल वेबसाइटवर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा प्रिन्स्टनच्या प्रवेश कार्यालयातून कोणीतरी अर्जदारांच्या जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरून तिथे डोकावल्याचं उघड झालं. दोन्हीकडे अर्ज केलेल्या काही मुलांना येलने काय सांगितलं, ते त्या मुलांच्याही आधी प्रिन्स्टनला कळलं होतं.)

मग आला २००६ चा सप्टेंबर. आजच्या डिसेंबरांचं बरंच काही तिथे ठरलं, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. १२ सप्टेंबरला हार्वर्डने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून लवकरचा प्रवेश पूर्ण बंद. सगळ्यांचा अर्ज १ जानेवारीला, सगळ्यांचा निकाल एकदमच. हार्वर्डची पद्धत बंधनकारक नव्हती, तरीही ती बंद केली. कारण सरळ दिलं होतं: लवकरचा प्रवेश ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांनाच आणखी देतो. ज्या शाळेत एका समुपदेशकाकडे चारशे मुलं आहेत तिथल्या मुलीला ऑक्टोबरात हे गणित कोण समजावणार? आणि जिच्या घरी फीची जुळवाजुळव करावी लागते तिने चार कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ‘नक्की येते’ असं लिहून कसं द्यायचं? आठवड्याभरात प्रिन्स्टनने आपली ईडी बंद केली, त्यामागोमाग व्हर्जिनिया विद्यापीठानेही.

अपेक्षा अशी होती की बाकीचेही येतील. पण बिरबलाच्या दुधाच्या हौदासारखी गत झाली. फरक एवढाच की तिघांनी दूध ओतलं आणि बाकीचे आपापला लोटा घेऊन घरीच बसले. येल आणि स्टॅनफर्ड जागचे हलले नाहीत. पेन, कोलंबिया, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल यांची ईडी चालूच राहिली. हार्वर्ड-प्रिन्स्टनला नोव्हेंबरात अर्ज करता येत नाही म्हटल्यावर मुलं येलकडे वळली आणि येलचे लवकरचे अर्ज फुगले. मुलांवरचा ताण कमी होईल हा युक्तिवाद इथेच लंगडा पडला. अव्वल मुलांनी डिसेंबरात दुसरीकडे निकाल मिळवला आणि जानेवारीत हार्वर्डलाही अर्ज केला; म्हणजे दगदग दुप्पट. ज्यांच्यासाठी हे केलं ती छोट्या गावातली, कमी उत्पन्नाच्या घरची मुलं मोठ्या संख्येने पुढे आली असंही दिसलं नाही.

चार हंगाम हे चाललं. २०१० च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाने बंधन नसलेली ईए परत आणली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी एकाच दिवशी परतीची घोषणा केली. दोघांनीही ईडी टाळली आणि एकाच ठिकाणी ईए ही पद्धत निवडली. त्या हिवाळ्यात हार्वर्डला ४,२०० च्या वर लवकर अर्ज आले. येलचे ५,२०० च्या घरातून ४,३०० च्या घरात उतरले. कोणी म्हणतं प्रयोग फसला, कोणी म्हणतं प्रयोग पुरता झालाच नाही. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. तिघांनी वाट बदलल्याने पद्धत बदलत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. पण व्यवहारात धडा पहिलाच घेतला गेला. त्यानंतर सर्वांत वरच्या फळीतल्या कोणीही असं धाडस पुन्हा केलेलं नाही.

२०११ नंतर गोष्टी वेगाने साचत गेल्या. ईडीचा दुसरा हप्ता, ईडी-टू, जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज आणि फेब्रुवारीच्या मध्यावर निकाल असा पसरला. त्याचं गिऱ्हाईक उघड होतं: डिसेंबरात नकार आलेली किंवा डिफर झालेली मुलं. ज्या आठवड्यात मन सर्वांत दुखावलेलं असतं, त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजला शब्द द्यायचा की नाही हे ठरवायला लावणारी ही सोय आहे. २०२० मध्ये कोविडमुळे एसएटी ऐच्छिक झाली आणि अर्जांचा पूर आला. त्या वर्षी हार्वर्डला १०,०८६ लवकर अर्ज आले, ७४७ जणांना होकार मिळाला, आणि सुमारे ८० टक्के डिफर झाले. म्हणजे डिफर हेच सर्वसाधारण उत्तर झालं. स्टॅनफर्डची रीत याच्या उलट: तिथे फार थोड्यांना डिफर करतात, बहुतेकांना डिसेंबरातच अंतिम उत्तर देतात. यातलं कनवाळू कोणतं यावर पालकांमध्ये हमखास दोन तट पडतात. मिशिगनसारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत ‘पोस्टपोन’ म्हणतात. मुलाच्या दृष्टीने फरक शून्य.

कॉलेजं एवढ्यांना डिफर का करतात, याचं अधिकृत उत्तर असतं की एकूण अर्ज पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. त्यात तथ्य आहे. पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना किंवा ओळखीच्या शाळेला डिसेंबरात तोंडावर ‘नाही’ म्हणणं टाळणं, हेही एक कारण आहे आणि ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

कायद्याच्या बाजूनेही दोन घडामोडी झाल्या. प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत ईडीच्या मुलांना खास आमिष दाखवू नये असा नियम होता. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने तो स्पर्धेला मारक ठरवला. २०१९ च्या सप्टेंबरात संघटनेने तो काढून टाकला आणि डिसेंबरात खटला आणि तडजोड एकत्रच झाली. म्हणजे सरकारने हात घातला तो ईडीला लगाम घालायला नाही, उलट तिच्याभोवतीचं एक कुंपण काढायला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये काही विद्यार्थ्यांनी ३२ कॉलेजांविरुद्ध बोस्टनच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. ईडीने बांधलेल्या मुलाला दुसरं कोणी मदत देऊ करत नाही, त्यामुळे शिक्षण महाग पडतं, असा आरोप आहे. मधल्या काळात, २०२३ मध्ये, व्हर्जिनिया टेकने ईडी बंद केली. २०२५ मध्ये मिशिगनने ती नव्याने जाहीर केली. दोन सरकारी विद्यापीठं, दोन दिशा.

या सगळ्याचा डिफर झालेल्या घराशी संबंध असा. ईडीतून डिफर झालं की बंधन संपतं. मार्चमध्ये त्याच कॉलेजने बोलावलं तरी जायलाच हवं असं नाही. हे कित्येक पालकांना ठाऊक नसतं, आणि ते उगाच हात बांधून बसतात. दुसरं, बहुतेक कॉलेजं पहिल्या सत्राचे गुण मागतात, आणि बरीचशी अजूनही इच्छा असल्याचं एक पत्र स्वीकारतात. ते एक पानभर असावं, त्यात नोव्हेंबरनंतर घडलेलं काही असावं, आणि ते मुलानेच लिहावं. काकांच्या ओळखीच्या डॉक्टरांची, आमदारांची शिफारसपत्रं पाठवणं हा आपला खास हौसेचा भाग. त्याने काही साधत नाही. ज्या कॉलेजने ‘आणखी काही पाठवू नका’ असं लिहिलं आहे तिथे तर तो तोटाच.

भारतातून अर्ज करणाऱ्याची अडचण थोडी निराळी. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे डिसेंबरात पाठवण्याजोगे असतात ते शाळेच्या सहामाहीचे आणि अंदाजित गुण. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता प्रवेश देणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्यांत मदत मागितली की अर्जाचं पारडं बदलतं, आणि डिफरमागे तेच कारण असलं तरी पत्रात ते लिहिलेलं नसतं. आयआयटीच्या रांगेची सवय असलेल्या आजोबांना ‘मार्क किती कमी पडले?’ या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. इथे ते कोणाकडेच नाही, कॉलेजकडेही आकड्यात नाही.

शाळांनीही एक बदल केला आहे. पूर्वी १५ डिसेंबरच्या सुमारास टपालाने पाकीट यायचं, जाड म्हणजे होकार, पातळ म्हणजे नकार, आणि ते घरी एकट्याने उघडता यायचं. पोर्टल आल्यावर वर्गात बसल्या बसल्या फोनवर निकाल उघडला जाऊ लागला. म्हणून आता पुष्कळ कॉलेजं शाळा सुटल्यानंतरची वेळ ठरवतात, आणि काही शाळा त्या आठवड्यात कुठल्या कॉलेजचं नाव असलेला स्वेटशर्ट घालू नका असं मुलांना सांगतात. समाजमाध्यमांवर आनंदाचे व्हिडिओ तरीही येतातच. डिफरचा व्हिडिओ सहसा कोणी टाकत नाही, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाला आपण एकटेच उरलो असं वाटतं, जरी आकड्यांनी पाहिलं तर होकार मिळालेलेच अल्पसंख्य असतात.

बोस्टनच्या दाव्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. ईडीच्या अर्जावर आजही तीन सह्या लागतात, विद्यार्थ्याची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची, आणि कॉलेजला शब्द फिरवलेला आवडला नाही तर त्याची झळ पुढच्या वर्षी त्याच शाळेतून अर्ज करणाऱ्या मुलांना बसू शकते, ही भीती समुपदेशकांना आहे. सही करण्यापूर्वी पाहावा असा फीच्या अंदाजाचा कॅल्क्युलेटर प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. परदेशी अर्जदारांसाठी तो बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा त्यांनी ऑक्टोबरातच मदत कार्यालयाला ईमेल करून लेखी विचारावं.