विनोदी मोनोलॉगमधील शब्दांवरचे सौदे : पार्श्वभूमी

नामवंत सूत्रसंचालक आपल्या विनोदी मोनोलॉगमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या आरंभी एकट्याने केलेल्या भाषणात, अमुक शब्द उच्चारील की नाही, यावर अमेरिकेत आता अंदाज खरा ठरल्यास एक डॉलर देणाऱ्या करारांची खरेदी-विक्री होते. या प्रकाराचा उगम सहसा १९८८ साली आयोवा विद्यापीठात सुरू झालेल्या, निवडणुकीच्या निकालावर पैसे लावायच्या बाजारात शोधला जातो. ते नाते खरे असले तरी दूरचे आहे, कारण मतदारांचा कौल एकट्यादुकट्याच्या हाती नसतो आणि तिथे एका व्यक्तीला पाचशे डॉलरपेक्षा जास्त गुंतवताही येत नसत. सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आरंभी गायले जाणारे राष्ट्रगीत किती सेकंद चालेल यावर लागणाऱ्या पैजा या सौद्यांना अधिक जवळच्या आहेत, कारण तिथे निकाल एकट्या गायकाच्या हाती असतो.

निकाल ज्यांना आधी ठाऊक असतो किंवा फिरवता येतो त्यांचे काय करायचे, या आजच्या पेचाचे मूळ मात्र २०१० सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या वायदे नियामकाने चित्रपटांच्या तिकीटविक्रीवर वायदे सुरू करू पाहणाऱ्या दोन बाजारांना मान्यता दिली आणि चित्रपट उद्योगाने त्याला कडाडून विरोध केला. चित्रपट किती पडद्यांवर लावायचा आणि जाहिरातीवर किती खर्च करायचा हे ज्यांच्या हाती असते, त्यांना निकालाचा अंदाज आधी येतो आणि तो फिरवताही येतो, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता. जुलैमध्ये मंजूर झालेल्या वित्तसुधारणा कायद्याने हे वायदे बंद केले. अशी नाव घेऊन केलेली बंदी त्यापूर्वी १९५८ साली कांद्याच्या वाट्याला आली होती. बंदीचे कारण योग्य होते, पण तिची व्याप्ती चुकली. मनाई झाली ती तिकीटविक्रीच्या आकड्यांना. मोजक्या माहितगारांच्या मुठीत असलेल्या इतर निकालांना कोणी हात लावला नाही. दहशतवाद, हत्या, युद्ध, जुगार किंवा बेकायदा कृत्य यांच्याशी निगडित करार लोकहिताविरुद्ध ठरवून रोखण्याचा अधिकार नियामकाला त्याच कायद्याने दिला, परंतु त्या यादीत करमणूक नाही. सहज फिरवता येईल असा करार बाजाराने विकू नये, हे तत्त्व कायद्यात आहे. मात्र करार त्या तत्त्वात बसतो असे प्रमाणित करण्याचे काम बाजार स्वतःच करू शकतो, आणि विक्रीआधी एक कामकाजाचा दिवस ते प्रमाणपत्र सादर केले की पुरते.

मोनोलॉगला हे तत्त्व लावून पाहिले की अडचण स्पष्ट होते. न्यूयॉर्कमधून १९७५ पासून शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमात पाहुण्या सूत्रसंचालकाचा मोनोलॉग आधी लिहिला जातो, पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत उतरवला जातो आणि रात्री आठच्या रंगीत तालमीत प्रेक्षकांसमोर म्हटलाही जातो. तालमीत हशा न मिळालेला विनोद गळू शकतो, त्यामुळे तालमीच्या प्रेक्षकाला सर्व काही कळते असे नाही. तरीही घरी बसलेल्या खरेदीदारापेक्षा त्याला कितीतरी अधिक ठाऊक असते. रोज रात्रीचे विनोदी कार्यक्रम तर बहुधा संध्याकाळीच प्रेक्षकांसमोर चित्रित होऊन काही तासांनी दाखवले जातात. ही तफावत मला या बाजाराचा सर्वांत गंभीर दोष वाटते. शब्दाचे अनेकवचन धरायचे, समानार्थी शब्द धरायचा नाही, असले नियम करारात बारकाईने लिहिलेले असतात, पण त्यांनी हा दोष झाकला जात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने निवडणुकीवरील करार म्हणजे जुगार नव्हे असे ठरवले, मे २०२५ मध्ये नियामकाने आपले अपील मागे घेतले आणि बाजारांचा धीर वाढला. भाषणे, पत्रकार परिषदा, कंपन्यांच्या तिमाही निकालांवरील चर्चा, सर्वत्र शब्दांवर भाव फुटू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका क्रिप्टो कंपनीच्या प्रमुखाने अशीच चर्चा संपता संपता बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग आणि वेब३ हे शब्द एका दमात म्हणून टाकले, आणि त्यांवर लागलेल्या सौद्यांचा निकाल तिथेच लागला. कंपनीच्या प्रमुखाला जे थट्टेत जमले, ते विनोदवीराला सहज जमण्यासारखे आहे.

नेव्हाडा आणि न्यू जर्सी या राज्यांनी मार्च २०२५ पासून या बाजारांविरुद्ध जी लढाई आरंभली, तिचा भर खेळांवरील करारांवर आणि अधिकार राज्याचा की केंद्राचा यावर आहे. तालमीतल्या प्रेक्षकाचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली आणि क्रिकेटपासून राजकारणापर्यंतच्या घटनांवर मत-सौदे चालवणाऱ्या ॲपनी आपले व्यवहार थांबवले.