गव्हर्नर आल्टगेल्ड आणि हेमार्केटची शिक्षामाफी

१ मे हा महाराष्ट्र दिन, तसाच कामगार दिनही. त्यामागे शिकागोतला १८८६ चा आठ तासांच्या कामाचा लढा आहे. त्या लढ्यानंतर फासावर गेलेल्यांची आठवण सभांमधून निघते. पण त्यांच्यावरचा खटलाच अन्यायाचा होता, असं सरकारी कागदावर सहीनिशी लिहिणारे जॉन पीटर आल्टगेल्ड आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहेत.

आल्टगेल्ड यांचा जन्म १८४७ चा, जर्मनीतला. तान्हे असतानाच आईवडिलांबरोबर ते अमेरिकेत, ओहायोत आले. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात उत्तरेकडून लढायला गेले. नंतर शाळामास्तरकी, रेल्वेवर मजुरी, मिझुरीत वकिली आणि १८७५ मध्ये शिकागो. तिथे जमीन-इमारतींच्या व्यवहारात पैसा मिळाला, न्यायाधीशपदही. १८९२ मध्ये ते शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. हे पद आपल्या राज्यपालासारखं नेमणुकीचं नाही; लोक थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभारही तोच पाहतो.

४ मे १८८६ रोजी शिकागोतल्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला. सात पोलीस दगावले. बॉम्ब कुणी फेकला हे आजही ठाऊक नाही, तरी कामगार चळवळीतले आठ अराजकवादी (सरकार ही संस्थाच नको म्हणणारे) दोषी ठरले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी झाली, पाचवा आदल्या दिवशी तुरुंगात मेला. फील्डन, श्वाब आणि नीबी हे तिघे गजाआड राहिले.

त्यांना सोडा, असं शिकागोतली बडी मंडळीही म्हणू लागली होती. सूर मात्र ‘झाली तेवढी शिक्षा पुरे’ असा. दयेचं कारण देऊन सही केली असती, तर फारसा गहजब झाला नसता. आल्टगेल्ड यांनी खटल्याचे कागद तपासले आणि २६ जून १८९३ रोजी सुटकेबरोबर दीर्घ निवेदन काढलं. ज्युरीची नावं चिठ्ठ्या काढून ठरली नाहीत, खास नेमलेल्या बेलिफाने माणसं निवडून आणली. आपलं मत आधीच बनलंय असं सांगणाऱ्यांनाही न्यायाधीश गॅरी यांनी पात्र ठरवलं. आणि बॉम्ब टाकणाराच माहीत नसेल, तर त्याला या आठांनी चिथावलं हे सिद्ध कसं होणार? हा शेवटचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

वर्तमानपत्रं तुटून पडली. अराजकवादी, परका, काय वाट्टेल ते म्हटलं गेलं. त्याच वर्षी त्यांनी कारखाना कायदा करून समाजसुधारक फ्लोरेन्स केली यांना मुख्य कारखाना निरीक्षक नेमलं, पण त्याची चर्चा कोण करणार! १८९४ च्या पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतल्या संपात अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी राज्याने न मागता शिकागोत सैन्य धाडलं, तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाला आल्टगेल्ड यांनी तारा करून खडसावलं.

१८९६ ची निवडणूक ते हरले. शिकागोत उभारलेली युनिटी बिल्डिंगही हातची गेली. अखेरची वर्षं त्यांनी क्लॅरेन्स डॅरो यांच्याबरोबर वकिली केली आणि मार्च १९०२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअरांच्या (तिथल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) बाजूने भाषण केल्यावर काही तासांतच, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.