शेकच्या डब्यामागचा तक्ता

सकाळी जेवणाऐवजी प्रथिनांच्या पावडरीचा एक शेक, रात्री एक शेक आणि दुपारी नेहमीचे शीत-कडी, म्हणजे भात-आमटी: वजन उतरवण्याचा हा कार्यक्रम गोव्यात आता घरोघरी ठाऊक आहे. वजन उतरते, यात शंका नाही. पोटात उष्मांक कमी गेले की ते उतरणारच. पाहायचे ते एवढेच, की उतरले ते चरबीचे वजन की स्नायूंचे.

डबा फिरवून मागचा तक्ता वाचा. समजा, २५ ग्रॅम पावडरीत ९० किलोकॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिने आहेत. एका ग्रॅम प्रथिनापासून ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ३६ किलोकॅलरी, एकूण ऊर्जेच्या ४० टक्के. ‘भरपूर प्रथिने’ हा दावा टक्केवारीत खरा ठरतो. पण जेवणाऐवजी घ्यायच्या अशा पदार्थांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची अट अशी आहे, की एका वेळेला किमान २०० आणि फार तर ४०० किलोकॅलरी मिळाव्यात, त्यातली २५ ते ५० टक्के प्रथिनांतून. त्या हिशेबाने एका वेळेला निदान साडेबारा ग्रॅम प्रथिने हवीत. आपला शेक टक्केवारीत बसतो, प्रमाणात बसत नाही. पुष्कळदा तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘२०० मिलिलीटर दुधासह’ असे लिहिलेले असते. पावडर पाण्यात ढवळली, तर दुधातली ती सहा-सात ग्रॅम प्रथिने गेलीच.

आता दिवसाचा हिशेब मांडू. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. पाण्यातल्या दोन शेकचे १८ झाले, उरलेले २८ दुपारच्या ताटातून यायला हवेत. चांगला मोठा बांगडा वीसेक ग्रॅम देतो, बाकी शीत आणि भाजीतून कसेबसे जुळते. सोमवारी किंवा श्रावणात नुस्ते, म्हणजे मासळी, नसते. त्या दिवशी अळसांद्याचे तोणाक (चवळीची रस्साभाजी) वाटीभर घेऊनही तूट राहते, आणि लोक नेमके तेच दिवस ‘हलके जेवण’ म्हणून साजरे करतात! शिवाय उष्मांक कमी असताना स्नायू टिकवायला प्रथिने नेहमीपेक्षा जास्तच लागतात.

प्रथिनांचा दर्जाही बघावा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहणारे कित्येक लोक हृदयाचे ठोके बिघडून दगावले. ती प्रथिने मुख्यतः कोलॅजेनची, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतली होती, आणि कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. आज तेच कोलॅजेन सुंदर डब्यांतून विकले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

स्निग्धांश अगदी शून्याकडे नेणेही बरे नव्हे. जेवणात तेल-तूप नसले की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचते, आणि वजन झपाट्याने उतरत असताना खडे होण्याचा धोका वाढतो.

गोव्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मधुमेहाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यातच सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू ठेवून जेवण एकदम निम्मे केले, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत रोज सुमारे ८५० किलोकॅलरींच्या आहाराने वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह आटोक्यात आला, औषधांविना. पण तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली बंद केल्या होत्या आणि नंतर साधे जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केले होते. तेव्हा डबा फोडण्याआधी तो आणि आपल्या गोळ्यांची चिठ्ठी, दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा.