चलनातले स्मारक नाणे आणि प्रूफ नाणे

सोलापूरच्या नवी पेठेत सुट्ट्या पैशांत १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेचे दोन रुपयांचे जुने नाणे मिळाले, की अनेकांना ते फार मोलाचे वाटू लागते. वास्तविक या स्पर्धेची नाणी दोन प्रकारे निघाली आणि दोन्हींवर जंतरमंतर व सूर्य असलेले तेच बोधचिन्ह आहे, म्हणून गफलत होते.

चलनासाठीचे नाणे टांकसाळीतून रिझर्व्ह बँकेमार्फत बाजारात येते. ते पोत्यांत भरले जाते, एकमेकांवर घासते, भाजीवाल्याच्या गल्ल्यात पडते आणि त्याची किंमत दर्शनी मूल्याइतकीच असते. प्रूफ नाणे मात्र संग्राहकांसाठीच असते: चकतीला आणि ठशाला विशेष पॉलिश करून ते एकाहून अधिक वेळा ठोकले जाते, त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी चकाकते आणि उठावाचे चित्र धुरकट पांढरे दिसते. अशी नाणी टांकसाळ संचात, दर्शनी मूल्याहून चढ्या दराने विकते. शंभर रुपयांचे चांदीमिश्रित नाणे तर केवळ संग्राहकांसाठीच होते. ते कोणाच्या खिशातून सुट्ट्या पैशांत येणे नाही.

घोटाळा होतो तो पॉलिश केलेल्या नाण्यांमुळे. साधे नाणे घासूनपुसून चकचकीत करता येते, पण घासताना अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि चकाकी चित्र व पार्श्वभूमीवर सारखीच पसरते. त्याहून भरवशाची खूण वर्षाच्या आकड्याजवळ असते: मुंबई टांकसाळीच्या चलनी नाण्यावर छोटा हिरा, तर १९८२ च्या प्रूफवर रोमन ‘बी’ हे अक्षर. शहराचे नाव बदलल्यानंतरच्या, उदाहरणार्थ २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या, प्रूफ नाण्यांवर ‘एम’ असते. भिंग घेतल्याशिवाय व्यवहार करू नये, असे मी तरी सांगेन.

एक गंमतही आहे. १९८२ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे आजही कायदेशीर चलन आहे, पण त्याच मालिकेतले पंचवीस आणि दहा पैशांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून बाद झाले. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केले होते. अशा जाहिरातींत बहुधा साधे चलनी नाणेच दाखवलेले असते आणि आधी ‘शुल्क’ मागितले जाते.