चर खोदले, गवताचं बी आणायचं कुठून?

पाणलोटाच्या कामाचं अंदाजपत्रक उघडलं की सलग समतल चराची (उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला लांब चर) रुंदी, खोली, घनमीटर, मजुरीचा दर, सगळं ओळीने सापडतं. भरावावर, म्हणजे चरातून काढून कडेला टाकलेल्या मातीवर, गवत पेरायचं हेही त्यात असतं, एका ओळीत. कोणतं गवत, कुठल्या माळावरचं बी, कधी काढलेलं, त्यातलं उगवणारं किती, याचा पत्ता बहुतेक वेळा नसतो. जून तोंडावर आला की मिळेल ते पोतं आणायचं आणि भरावावर फोकून द्यायचं, अशी रीत पडली आहे. भरावात मुळं नसली की सुटी माती पहिल्या जोरदार सरीबरोबर परत चरात येते. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडच्या बरडावर चर बुजण्याचं हे एक साधं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे.

नाशिक जिल्ह्यात पावसाचे दोन वेगळे मुलूख आहेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशे. पश्चिमेचे डोंगर धुपतात ते उतारामुळे आणि पावसाच्या माऱ्यामुळे. पूर्वेचे माळ धुपतात ते उघडे पडल्यामुळे. ही माती जाते कुठे, ते पाहायला लांब जावं लागत नाही. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. त्यामागे साचत गेलेल्या गाळाने उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ती राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ ठरली. पक्ष्यांचं भलं झालं, पण तो गाळ वरच्या शिवारांचा होता. गंगापूर धरणाचीही गाळाची तक्रार जुनीच. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, म्हणजे वाहून गेलेली माती डंपरने परत शेतात आणायची सोय झाली.

पूर्वी गवताचं बी कुणी गोळा करत नसे, कारण तशी गरजच नव्हती. राखलेल्या कुरणातलं गवत दसरा-दिवाळीनंतर कापलं जाई. तोवर बरंचसं बी जमिनीवर झडलेलं असे आणि कुरण स्वतःच स्वतःला पेरून घेई. हा हिशेब दोन बाजूंनी बिघडला. चारा हिरवट असताना कापला तर जनावर आवडीने खातं आणि भाव बरा येतो, म्हणून कापणी अलीकडे सरकली. दुसरीकडे गायरानात बारमाही चराई सुरू झाली. तुरा येण्याआधीच शेंडा खाल्ला गेला तर बी धरणार कधी?

चराई वाढत गेली की माळ एका ठरलेल्या क्रमाने उतरतो. चांगल्या कुरणात पवन्या (काही भागांत त्यालाच शेडा म्हणतात) आणि मारवेल ही बहुवर्षायू गवतं असतात. रेटा वाढला की कुसळीचं राज्य येतं. त्याहून वाढला की उरतं ते बोटभर उंचीचं, पावसाळ्यापुरतं गवत, ज्याची मुळं वरच्या चार बोटं मातीतच संपतात. देशभरच्या गवताळ प्रदेशांचं सर्वेक्षण १९५४ ते १९६२ या काळात झालं आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात भारताच्या गवत-आच्छादनाचे पाच प्रकार पाडले असून दख्खनचं पठार पवन्या-मारवेल या प्रकारात येतं. येवल्याच्या ममदापूर राखीव क्षेत्रात काळवीट पाहायला लोक जातात. ते काळवीट ज्या माळावर टिकून आहेत तो याच जातकुळीचा.

माळावरच्या मूळ गवताचं बी हा विषय मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो अमेरिकेतल्या प्रेअरीमुळे, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांमुळे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तिथल्या मैदानांवरचं मूळ गवत नांगरून गहू पेरला गेला. १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि मोकळी माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाचा दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्यात तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट यांच्या हाताखाली स्वतंत्र खातं आलं. खात्याला लवकरच कळलं की पैसा आहे, माणसं आहेत, पण लाखो एकरांवर पेरायला मूळ गवताचं बी बाजारात कुठेच नाही. मग शिल्लक राहिलेल्या कुरणांतून बी काढणं, गव्हाची यंत्रं त्यासाठी बदलून घेणं, रोपवाटिकांत निवडक वाण वाढवणं हे सगळं सुरू झालं. त्यातूनच बियाण्याचा भाव पोत्याच्या वजनावर न ठरवता त्यातल्या शुद्ध आणि जिवंत बियावर ठरवायची पद्धत रुळली. आपल्याकडे गवताच्या बियाण्याची खरेदी अजून किलोवरच होते, आणि बरीचशी फसगत तिथेच होते.

याच प्रवासातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी अमेरिकेने बाहेरची गवतंही नेली. त्यांत आपलं मारवेल होतं आणि अंजनही होतं (अंजनाचं बी मात्र आफ्रिकेतलं). आज टेक्सास आणि ॲरिझोनाकडे हीच गवतं उपद्रवी ठरली आहेत. नाशिकच्या माळावर गुणी असलेलं गवत तिथे तण झालं. म्हणून ‘गवत म्हणजे गवत, कुठूनही आणा’ हा विचार घातक आहे. हे आपल्यालाही लागू पडतं: सुरगाण्याच्या पावसात वाढलेलं बी नांदगावच्या मुरमाडावर टाकून तग धरण्याची अपेक्षा करू नये.

आपल्याकडे मृदसंधारणाची सुरुवात बांधापासून झाली. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ चा. त्यानंतर कोरडवाहू जिल्ह्यांत समपातळी बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर झाली. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हाताला काम द्यायचं तर मातीकाम सोयीचं, कारण ते मोजता येतं. बी गोळा करण्याचं काम मापपुस्तिकेत बसत नाही. १९८३ पासूनच्या सर्वंकष पाणलोट कार्यक्रमात ‘माथा ते पायथा’ (कामं डोंगरमाथ्यापासून सुरू करून खाली यायची) हा विचार पक्का झाला, १९९२ पासून आदर्श गाव योजनेत चराईबंदी-कुऱ्हाडबंदी आली. चराईबंदीने जिथे जुनं बी मातीत शिल्लक होतं तिथले माळ आपोआप उठले. जिथे मातीच गेली होती तिथे नुसती बंदी पुरली नाही.

संशोधन मात्र होत राहिलं. झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था १९६२ ची, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं. झाशीचं बुंदेल अंजन, राहुरीचं मारवेल-८ हे वाण त्यांतून आले. मारवेलची लागवड शेतकरी ठोंबांनी (मुळासकट काढलेल्या फुटव्यांनी) करतात आणि बांधावर ते उत्तमच. पण चाळीस हेक्टरच्या डोंगरउतारावर ठोंबं वाहून नेणं परवडत नाही. तिथे बीच लागतं.

आता खुद्द बियाकडे. मारवेलचा पिकलेला तुरा तळहातावर चोळून भिंगाखाली धरला की दिसतं: तुसांच्या (दाणा ज्यात धरतो त्या टरफलांच्या) जोड्या आहेत. जोडीतलं एक बिनदेठाचं, त्याला बारीक वळलेलं कुसळ, आणि दाणा धरतो तो यातच. शेजारचं देठावरचं तूस नर किंवा वांझ असतं. पवन्या आणि कुसळी यांचीही रचना अशीच. म्हणजे उत्तम काढणीतही निम्मी तुसं जन्मतःच रिकामी, आणि उरलेल्यांतही पावसाची उघडीप लांबली की बरीच पोचट. कुसळीचं कुसळ याहून दांडगं, काही इंच लांबीचं. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो आणि या फिरण्याने टोकदार बी जमिनीत घुसतं. मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडातही तसंच घुसतं, म्हणून मेंढपाळ कुसळीला शिव्या घालतात. धुपलेल्या मुरमावर पाय रोवायला मात्र तिच्याइतकं चिवट दुसरं नाही.

ही गवतं एकदम पिकत नाहीत. तुरा शेंड्याकडून खाली पिकत येतो आणि पिकलं की झडतो. खालचं पिकेपर्यंत थांबलं तर वरचं जमिनीवर, वरचं पाहून कापलं तर खालचं कच्चं. अंजन ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने तुरे टाकतं. मारवेल, पवन्या, कुसळी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. तुरा मुठीत हलका धरून वर ओढायचा. तुसं सहज हातात आली आणि आतला दाणा नखाने न दबता कडक लागला तर काढायला हरकत नाही. दुधाळ किंवा चिकट असेल तर थांबायचं. त्याच पट्ट्यातून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हात फिरवावे लागतात. दंव उडाल्यावर, साधारण दहानंतर काढणी करावी. ओलं बी पोत्यात दाबून संध्याकाळपर्यंत ठेवलं की पोतं आतून तापतं, आणि तापलेल्या पोत्यातलं बी मेलं म्हणूनच समजायचं. बी हाताने ओरबाडायचं किंवा विळ्याने नुसते तुरे कापायचे. कंबरेला कापडी झोळी बांधली की दोन्ही हात मोकळे राहतात. एकाच ठोंबाचे सगळे तुरे घेऊ नयेत, आणि रस्त्याकडेचं गवत टाळलेलंच बरं, कारण त्याबरोबर गाजरगवताचं बी येतं.

वाळवण सावलीत, गोणपाटावर, दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून दोनदा हलवून. पत्र्यावर किंवा डांबरी रस्त्यावर भर उन्हात नको. नाशिककरांची इथे एक सोय आहे. बेदाण्याच्या शेड नोव्हेंबरात रिकाम्या असतात. सावली, जाळीचे मजले आणि खालून वाहती हवा, असं सगळं तयार मिळतं. जाळीवर फक्त कापड अंथरायचं. आठवडाभरात बी चांगलं सुकतं. ओलावा अजमावायचा तर काचेच्या कोरड्या बाटलीत एक तृतीयांश बी घ्या, कोरडं मीठ टाका, हलवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे मात्र काम संपलं असं नव्हे. साठवणीला ८ ते १० टक्के हवा, म्हणून त्यानंतरही आणखी तीन-चार दिवस वाळवावं. त्या टप्प्यात ओलावा एक टक्का उतरला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

सुकलेले तुरे काठीने झोडपून मोठ्या चाळणीने काड्या काढायच्या. उफणणी जपून करावी. ही बियाणी इतकी हलकी की सुपातल्या भुशाबरोबर दाणेही उडतात. पूर्ण साफ करण्याच्या मागे लागू नये, तुसासकट बी चालतं.

भरायचं ते कापडी किंवा तागाच्या पोत्यात, सैल. प्लास्टिकची घट्ट पिशवी पुरेसं न सुकलेल्या बियाला मारते. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर. रिकामी कांदाचाळ हवेशीर असल्याने मार्चपर्यंत चालते. उन्हाळ कांदा भरायच्या आत बी हलवावं, कारण कांद्याचा ओलावा त्याला सोसत नाही. उंदरांपेक्षा मुंग्यांचा उपद्रव जास्त. त्या एकेक दाणा नेतात आणि पोतं भरलेलंच दिसतं, म्हणून फळीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. प्रत्येक पोत्यात आणि पोत्यावर चिठ्ठी हवी: गवताचं नाव, गाव-शिवार, काढणीचा महिना. नुसतं ‘गवत बी’ असं लिहिलेलं पोतं पुढच्या वर्षी कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

ताजं बी लगेच उगवत नाही. अंजन, मारवेल, कुसळी यांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते, त्यामुळे डिसेंबरात चाचणी घेऊन ‘बी खराब’ असा निकाल देणं चूक. मे महिन्यात चाचणी घ्यावी: शंभर-शंभर तुसांचे चार गट, ओल्या गोणपाटाच्या गुंडाळीत, दोन ते तीन आठवडे. समजा पोत्यात शुद्ध बी ४० टक्के निघालं आणि त्यातलं ३० टक्के उगवलं, तर शंभर किलोत कामाचं बी बाराच किलो. एक किलो जिवंत बियासाठी सव्वाआठ किलोहून थोडा जास्त माल लागतो. हेक्टरी ४ ते ६ किलोची जी शिफारस असते ती चांगल्या उगवणीचं बी धरून. असल्या मालाला ती लावली की माळ उघडाच राहतो आणि दोष पावसाला जातो. साध्या साठवणीत दोन-तीन वर्षांनी उगवण झपाट्याने पडते, म्हणून जुनं बी आधी वापरावं.

पेरणी दमदार पावसानंतर, चराच्या खालच्या अंगाच्या भरावावर. खोली एक सेंटिमीटरच्या आत. माती जास्त चढली की अंकुर वर येत नाही. कोरड्यात फेकलेलं हलकं बी वारा आणि मुंग्या नेतात. त्यावर उपाय म्हणजे गोळ्या: एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू, बोराच्या बीएवढ्या वळून सावलीत सुकवायच्या. मोठ्या लाडवांच्या मोहात पडू नये, एका गोळ्यात दहा रोपं एकमेकांना मारतात.

पहिली दोन वर्षं चराई पूर्ण बंद ठेवावी. कापणी हवीच असेल तर ती बी झडल्यावर, जमिनीपासून चार बोटं सोडून. पुढच्या कामांसाठी गावाने आपल्याच कुरणातला चांगला पट्टा बियाण्यासाठी राखून ठेवावा आणि तो चाऱ्याच्या लिलावात घालू नये. त्याच्याभोवती दिवाळीनंतर लगेच जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढावा, कारण वाळलेल्या माळावर वणवा लागला की त्या हंगामाचं झडलेलं बीही वरच्या वर जळतं.