जपानमध्ये विद्यार्थी म्हणून राहण्याची मुदत वाढवताना अर्ज कुठे अडतो

दर वर्षी ठराविक महिन्यांत तेच फोन येतात. "दादा, कार्डाची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. काय काय कागद लागतात?" कागदांची यादी दोन मिनिटांत सांगून होते. माझ्या ओळखीच्या ज्या मुलामुलींचे अर्ज नाकारले गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांचे कागद पूर्ण होते. अडलं ते आधीच्या वर्षभरावर: वर्गातली हजेरी, बाइतोचे, म्हणजे अर्धवेळ कामाचे, तास, न उघडलेली सरकारी पाकिटं. म्हणून हे सगळं पहिल्याच वर्षी वाचलं तर उपयोग होईल.

आधी सोपा भाग. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून न्यूकानमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या कार्यालयात, अर्ज करता येतो. पासपोर्ट, झायर्‍यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), 4 बाय 3 सेंटिमीटरचा ताजा फोटो, अर्जाचा नमुना, शाळेत किंवा विद्यापीठात शिकत असल्याचा दाखला, गुणपत्रक आणि खर्च कोण करतंय त्याचे पुरावे, एवढं साधारण लागतं. शुल्क अर्ज देताना भरायचं नसतं, मंजुरी मिळाल्यावर भरायचं असतं. 1 एप्रिल 2025 पासून ते खिडकीवर 6,000 येन आणि ऑनलाइन 5,500 येन झालं. त्याआधीच्या लेखांमध्ये 4,000 लिहिलेलं दिसतं, ते जुनं आहे. जायच्या आधी चालू आकडा न्यूकानच्या संकेतस्थळावर बघून घ्या. खिडकीवर नोटा चालत नाहीत, त्या रकमेचं शुन्यू इन्शी, म्हणजे महसुली तिकीट, पोस्टातून घेऊन चिकटवावं लागतं. टोकियोत शिनागावाच्या कार्यालयात जाणार असाल तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

अर्जाच्या नमुन्याचे दोन भाग असतात. एक तुम्ही भरायचा आणि एक तुमच्या शिक्षणसंस्थेने. हा दुसरा भाग कोणाच्याच लक्षात राहत नाही. तो संस्थेच्या कार्यालयाकडून भरून यायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो, आणि उन्हाळी सुट्टीत कार्यालयाची वेळही कमी असते. जपानी भाषेच्या बऱ्याच शाळा विद्यार्थ्यांचे अर्ज एकत्र नेऊन देतात, पण विद्यापीठात गेलात की हे काम बहुधा तुमचं तुम्हालाच करावं लागतं. तीन महिने आधी म्हणजे खरोखर तीन महिने आधीच संस्थेत विचारा.

आता मुदतीचा घोटाळा. "मुदत संपल्यावरही दोन महिने राहता येतं" हे वाक्य मुलांच्या गटांमध्ये फिरत असतं आणि ते अर्धवट आहे. मुदत संपण्याआधी ज्याने अर्ज दिला आहे त्यालाच निकाल येईपर्यंत, किंवा मुदतीनंतर जास्तीत जास्त दोन महिने, राहता येतं. यातलं जे आधी होईल ते. अर्जच दिला नसेल तर कार्डावरची तारीख उलटली की तुमचं राहणं बेकायदेशीर ठरतं. एका मुलीने या ऐकीव वाक्यावर विसंबून परीक्षा संपेपर्यंत अर्ज पुढे ढकलला होता. सुदैवाने मुदतीला चार दिवस उरले असताना तिने विचारलं. सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात आणि 29 डिसेंबर ते 3 जानेवारीही बंद असतात, हेही धरून चाला.

बाइतोकडे वळू, कारण सगळ्यात जास्त नकार इथूनच येताना मी पाहिले आहेत. विद्यार्थी म्हणून काम करायला शिकाकुगाईची, म्हणजे शिक्षणाव्यतिरिक्त कामाची, वेगळी परवानगी लागते. ती पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच मागता येते आणि तिला शुल्क नाही. मर्यादा आठवड्याला 28 तास, सगळी कामं मिळून. दोन दुकानांत 20-20 तास करून "प्रत्येकी 28 च्या आतच आहे की" असं म्हणणारे भेटतात. तसं नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे आठवडा कुठून मोजायचा. तो सोमवार ते रविवार नसतो. कुठल्याही दिवसापासून पुढचे सात दिवस मोजले तरी बेरीज 28 च्या आत हवी. समजा या आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार तुम्ही आठ-आठ तास केले, म्हणजे 24. पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार रोज सहा तास, म्हणजे पुन्हा 24. दोन्ही आठवडे वेगळे बघितले तर नियमात दिसतात. पण शुक्रवारपासून मोजलं तर सात दिवसांत 48 तास होतात. शिफ्ट लावणाऱ्या मॅनेजरला याचं काही पडलेलं नसतं. हिशोब तुम्हीच वहीत ठेवा.

दिवसाला आठ तासांची सवलत फक्त संस्थेच्या नियमावलीत लिहिलेल्या मोठ्या सुट्टीत असते. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक किंवा शिक्षक आजारी म्हणून रद्द झालेला वर्ग त्यात धरत नाहीत. बार, पाचिंको (जुगारासारख्या खेळाचे अड्डे) असल्या जागी भांडी घासायचं किंवा झाडलोटीचं कामही चालत नाही, हे ठिकाणावर ठरतं. आणि परवानगी तुम्ही संस्थेत शिकत असेपर्यंतच असते. पदवी घेतलीत किंवा शाळा सोडलीत की कार्डावर सहा महिने उरले असले तरी त्या परवानगीवर काम करता येत नाही.

"त्यांना कसं कळणार?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर सोपं आहे. पगार देणारा तुमचं उत्पन्न पालिकेला कळवतो, पालिका करपात्र उत्पन्नाचा दाखला देते आणि न्यूकान तो मागू शकतं. तासाला 1,200 येन धरले तर 28 तासांनी 52 आठवड्यांचे 17,47,200 येन होतात. मोठ्या सुट्टीतले जास्तीचे तास धरून आकडा थोडा वर जाईल. दाखल्यावर 26 लाख असतील तर अधिकाऱ्याला वेगळा तपास करावा लागत नाही. खर्च जास्त आहे, घरून पैसे कमी येतात, हे मला माहीत आहे आणि त्या मुलांबद्दल वाईटही वाटतं, पण यावर न्यूकानमध्ये गयावया करून उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

कामाची ही परवानगी राहण्याच्या मुदतीबरोबरच संपते. मुदतवाढीचा अर्ज करताना तिचाही नवा अर्ज जोडायचा असतो. नवं कार्ड हातात आल्यावर ते उलटून मागची बाजू बघा. तिथे परवानगीची नोंद नसेल तर काम सुरू करू नका.

हजेरी. भाषेच्या शाळेत हिची टक्केवारी थेट दिसते, विद्यापीठात मिळालेल्या क्रेडिटवरून अंदाज येतो. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जावंसं वाटतं, पण सत्र चालू असताना तीन आठवडे गेलात तर पुढच्या अर्जात त्याची किंमत मोजावी लागते. आजारपणामुळे हजेरी पडली असेल तर तेव्हाच डॉक्टरचा दाखला घ्या. सहा महिन्यांनी तो मागायला गेलात तर बराच त्रास होतो. कारण काय झालं आणि आता काय करताय हे जपानीत एका पानावर लिहून अर्जाला जोडा. न विचारता जोडलेलं स्पष्टीकरण नंतर दिलेल्या स्पष्टीकरणापेक्षा चांगलं.

घरी जाताना विमानतळावर एक छोटा फॉर्म भरतात. त्यात परत येणार आहोत या चौकोनात खूण करायची असते. ती राहिली तर राहण्याचा हक्कच संपतो, आणि त्या एका खुणेसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. खूण केल्यावर एक वर्षाच्या आत, आणि कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याआधी, परत यायचं असतं.

शाळा बदलणाऱ्यांसाठी: भाषेची शाळा संपून व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत किंवा विद्यापीठात गेलात की 14 दिवसांच्या आत न्यूकानला कळवावं लागतं. जुनी सोडली हेही आणि नवी धरली हेही. संस्था आपल्या बाजूने कळवते म्हणून आपण कळवायची गरज नाही, असा समज आहे, तो चुकीचा. हे ऑनलाइन पंधरा मिनिटांत होतं. मुदतवाढीच्या वेळी जुन्या शाळेची हजेरी आणि गुणही मागतात, त्यामुळे शाळा सोडण्याच्या दिवशीच दोन-दोन प्रती घेऊन ठेवा. घर बदललं की कुयाकुशोमध्ये, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, नोंदवायचीही मुदत 14 दिवसांचीच आहे.

कुयाकुशोमधून येणारी पाकिटं जपानीत असतात म्हणून बाजूला पडतात. निदान दोन तरी उघडा. एक आरोग्य विम्याचं. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो, मग दवाखान्यात खर्चाचे तीस टक्के आपण देतो. हप्ता आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो. उत्पन्न शून्य असलं तरी "शून्य" असं कळवावं लागतं. ते न कळवल्यास कमी उत्पन्नाची सवलत मिळत नाही आणि हप्ता फुगून येतो. कमाईच नाही, मग काय सांगायचं, असं म्हणून थांबणाऱ्यांनी हजारो येन जास्त भरलेले पाहिले आहेत. दुसरं पाकीट पेन्शनचं. वय 20 पूर्ण झालं की परदेशी विद्यार्थ्यालाही राष्ट्रीय पेन्शन लागू होते. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्याची सोय आहे, पण अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो. भाषेच्या सगळ्या शाळा त्या सोयीत बसत नाहीत. तुमची बसत नसेल तर कमी उत्पन्नासाठीची दुसरी सवलत मागा.

आपल्याकडच्या नावांचा त्रास वेगळाच. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, त्यामुळे झायर्‍यू कार्डावर सगळं एका ओळीत येतं. शाळेत वडिलांचं नाव गाळलं, बँकेत ठेवलं, काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, एकदा "पातिरु" आणि एकदा "पातीरु" लिहिलं की खर्चाचे पुरावे दुसऱ्याच माणसाचे वाटायला लागतात. जपानीत र आणि ल वेगळे नाहीत, त्यामुळे उच्चारावरून शोधूनही सापडत नाही. पहिल्या आठवड्यात एक काताकाना रूप ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच बघून लिहा. घरून पैसे येत असतील तर पाठवणाऱ्याचं आणि तुमचं नातं दाखवणारा कागद आणि तुमच्या खात्यावर पैसे आल्याच्या नोंदी दोन्ही लागतात. मित्राच्या खात्यावरून आलेले पैसे समजावताना फार वेळ जातो.

निकालाचं पोस्टकार्ड आलं, नवं कार्ड मिळालं, तरी एक काम उरतं. तुमच्याकडे माय नंबर कार्ड (आपल्या आधारसारखं ओळखपत्र) असेल तर त्याची मुदत जुन्या झायर्‍यू कार्डाच्या तारखेलाच संपते आणि ती आपोआप वाढत नाही. त्या तारखेच्या आत दोन्ही कार्डं घेऊन कुयाकुशोमध्ये जा. निकाल लांबला असेल तर अर्ज दिल्याचा पुरावा दाखवून तिथे तात्पुरती वाढही करून मिळते. तारीख उलटली तर नवं कार्ड काढावं लागतं, त्याला पैसे आणि बरेच आठवडे जातात, आणि पुढच्या वेळी ऑनलाइन अर्ज करायला नेमकं तेच कार्ड लागतं.