स्वादुपिंडाच्या कर्करोगातील रक्त-मार्कर

स्वादुपिंडाच्या कर्करोगात केमोथेरपी लागू पडते आहे का, किंवा कोणते औषध लागू पडण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधण्यासाठी रक्तात जे मोजतात त्याला रक्त-मार्कर म्हणतात. गाठीने रक्तात सोडलेले पदार्थ, गाठीच्या डीएनएचे तुकडे, दाह आणि पोषण दाखवणारे साधे आकडे, आणि जन्मापासून असलेले जनुकांतले फरक हे सगळे यात येते. स्वादुपिंड पोटात खोलवर, जठराच्या मागे असते. तिथला तुकडा पुन्हा पुन्हा काढता येत नाही आणि दर पंधरवड्याला सीटी स्कॅन करता येत नाही, म्हणून या आजारात रक्ताला एवढे महत्त्व आले.

यातला एक भेद रुग्णाच्या घरच्यांनाही कळायला हवा. काही मार्कर आजाराचा जोर सांगतात, म्हणजे कोणतेही औषध दिले तरी पुढचा काळ बरा की कठीण हे त्यावरून कळते. काही मार्कर मात्र अमुक औषध या माणसाला लागू पडेल असे सांगतात. पहिल्या प्रकारचे पुष्कळ आहेत, दुसऱ्या प्रकारचे अगदी थोडे. जाहिरातीत दोन्ही एकाच भाषेत येतात आणि लोकांचे पैसे तिथेच जातात.

सीए १९-९

सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्कर हाच. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करताना जी प्रतिद्रव्ये बनवली, त्यांतून तो पुढे आला. हा एक शर्करायुक्त रेणू असून लुईस रक्तगटाशी (ए-बी-ओ पेक्षा वेगळा असा एक रक्तगट) त्याचे नाते आहे. दर मिलिलिटरला ३७ युनिटपर्यंतचा आकडा सामान्य धरतात.

केमो लागू पडते का हे ठरवताना एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही, उतार पाहायचा असतो. समजा, पहिल्या केमोच्या आधी १८४० होता आणि आठ आठवड्यांनी ६१० झाला. १८४० मधून ६१० वजा केले की १२३० उरतात. त्याला १८४० ने भागले तर उतार ६७ टक्के येतो. निम्म्याहून अधिक उतार हे चांगले लक्षण मानतात, आणि आकडा सामान्य पातळीवर आला तर त्याहून चांगले. जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांच्या जोडीच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीतही आठव्या आठवड्यापर्यंत आकडा उतरलेले रुग्ण जास्त काळ जगल्याचे दिसले. शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा ५०० च्या वरचा आकडा सावध करतो. स्कॅनवर गाठ काढण्याजोगी दिसली तरी आजार आतून पसरला असण्याची शंका घेऊन आधी केमो देण्याकडे कल असतो.

केमो सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडा थोडा वर गेला तर घाबरून औषध बदलू नये. गाठीच्या पेशी फुटतानाही तो काही काळ चढू शकतो.

काही लोकांच्या शरीरात हा रेणू तयारच होत नाही. जगभरात साधारण ५ ते १० टक्के लोक लुईस-निगेटिव्ह असतात. त्यांची गाठ कितीही वाढली तरी सीए १९-९ दोन-पाच युनिटच दाखवतो. स्कॅनवर मोठी गाठ आणि रिपोर्टात '२ पेक्षा कमी' असे दिसले की हेच मनात आणावे. अशा रुग्णात सीईए किंवा सीए १२५ या रक्तातल्या दुसऱ्या मार्करांवर नजर ठेवतात.

कावीळ: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली की ती पित्तनळी दाबते. माणूस पिवळा पडतो, लघवी हळदीसारखी होते, शौच पांढरट होते, अंगाला खाज सुटते आणि पोट फारसे दुखत नाही. विदर्भातल्या गावांत अशा वेळी पहिल्यांदा काविळीची माळ घातली जाते, झाडपाल्याचे औषध घेतले जाते, आणि त्यात तीन-चार आठवडे जातात. विषाणूची कावीळ तेवढ्या काळात बहुधा आपसूक उतरते, म्हणून माळेवरचा विश्वास टिकून आहे. गाठीची कावीळ मात्र उतरत नाही, चढतच जाते.

सीए १९-९ शरीराबाहेर पडतो तो पित्तावाटे. नळी तुंबली की तो रक्तात साचतो आणि कर्करोग नसतानाही, नुसत्या पित्ताच्या खड्यानेही, आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो. म्हणून बिलिरुबिन (काविळीत रक्तात साचणारा पिवळा पदार्थ) दर डेसिलिटरला १४ मिलिग्रॅम असताना काढलेला २३०० हा आकडा पायाभूत धरता येत नाही. एन्डोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकून पित्ताला वाट करून द्यायची, बिलिरुबिन २ च्या खाली येऊ द्यायचे आणि मग रक्त काढायचे. तोच २३०० तेव्हा ४०० वर आलेला दिसू शकतो. हा उतार स्टेंटचा असतो. तो केमोच्या खात्यावर मांडला तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

उलटेही घडते. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबायला लागतो. थंडी वाजून ताप येतो, बिलिरुबिन वाढते आणि मार्करही वाढतो. अशा वेळी केमो फसली असे ठरवण्याआधी त्याच दिवशीचे बिलिरुबिन पाहावे. साखर फार वाढलेली असली तरी आकडा थोडा वर जातो, आणि या आजारात नव्याने मधुमेह झालेले रुग्ण बरेच असतात.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी फुटत राहतात, त्यामुळे एकूण बिलिरुबिन नेहमीच थोडे वर असते. ते २ च्या खाली येण्याची वाट पाहत बसलो तर केमो उगाच लांबते. इथे 'डायरेक्ट' बिलिरुबिन वेगळे पाहावे. नळी मोकळी झाली की ते उतरते, उरलेले 'इनडायरेक्ट' सिकलसेलचे असते. याच रुग्णांना पित्ताचे काळे खडेही लवकर होतात आणि तो खडा नळीत अडकला तरी मार्कर चढतो.

रक्त काढण्यापासून रिपोर्टापर्यंत

जेल असलेल्या पिवळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिलिलिटर रक्त पुरते, उपाशी राहायची गरज नाही. ट्यूब उभी ठेवून अर्धा तास गोठू द्यावी, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करावे आणि २ ते ८ अंश तापमानात पाठवावे. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल नागपूरला जाते तेव्हा बर्फाचे पॅक भरलेला डबा हवाच. न फिरवलेले रक्त मे महिन्यात गाडीच्या टपावर चार तास राहिले तर पेशी फुटतात आणि सीरम लालसर होते.

प्रयोगशाळा बदलू नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनींवर एकाच रक्ताचा आकडा बराच वेगळा येतो. पहिला रिपोर्ट यवतमाळचा आणि दुसरा नागपूरचा असेल, तर त्यांची वजाबाकी करू नये. रिपोर्टवर '१२०० पेक्षा जास्त' एवढेच लिहून आले तर सॅम्पल पातळ करून खरा आकडा काढून मागावा. नाहीतर ८००० वरून ३००० वर आलेल्या रुग्णाचे दोन्ही रिपोर्ट सारखेच दिसतात आणि चांगली चाललेली केमो निरुपयोगी वाटते. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशिनींवर आकडा खोटा कमी येतो. भरपूर मात्रा चालू असल्यास तीन-चार दिवस आधी त्या थांबवाव्यात.

स्वस्तातले मार्कर

साध्या सीबीसीमधून (रक्तपेशींची मोजणी) न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर निघते. न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के असतील तर ७८ भागिले १२, म्हणजे ६.५. पाचच्या वरचे गुणोत्तर वाईट मानतात. केमोच्या दोन सायकलनंतर ६२ आणि २६ झाले तर ते २.४ वर येते आणि ही चांगली खूण असते. तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत हे होते, म्हणून त्याची किंमत करावी. मात्र उलटी थांबवण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड न्यूट्रोफिल वाढवते आणि लिम्फोसाइट घटवते. पांढऱ्या पेशी वाढवायचे इंजेक्शन आणि जंतुसंसर्ग यांनीही गुणोत्तर चढते. म्हणून रक्त केमोच्या सकाळी, सलाईन लावण्याआधी काढावे.

दाह दाखवणारे सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि पोषण दाखवणारे अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असे दोन्ही असतील तर शरीर खचत चालले आहे. असा रुग्ण तीव्र केमो बहुधा सोसू शकत नाही. जेवण पचवायला स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल आणि आहार यांकडे आधी पाहावे लागते.

गाठीचा डीएनए

या कर्करोगात दहापैकी नऊ गाठींत केआरएएस जनुकात बदल असतो आणि त्याचे तुकडे रक्तात सापडतात. केमोनंतर ते दिसेनासे झाले तर औषध लागू पडते आहे. हे तुकडे रक्तातून काही तासांतच नाहीसे होतात, त्यामुळे बदल लवकर कळतो. पण गाठ स्वादुपिंडापुरतीच असेल तर अनेकदा काहीच सापडत नाही. 'सापडले नाही' म्हणजे 'आजार नाही' असे समजू नये. यासाठीच्या खास ट्यूब १० मिलिलिटरच्या असतात आणि ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करावी लागते. बहुतेकांना ३७ अंशांपर्यंतचेच तापमान चालते. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे बंद गाडीत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. बर्फावर गोठवल्यानेही सॅम्पल वाया जाते. रोजच्या उपचारासाठी ही तपासणी अजून गरजेची नाही. तेवढा पैसा वेळेवर स्टेंट बदलण्यात आणि सीटीत घालावा.

औषध निवडायला खरोखर उपयोगी

बीआरसीए १ किंवा २ या जनुकांतला जन्मजात बदल ही एकदाच करायची तपासणी आहे. तो असेल तर प्लॅटिनम गटाची औषधे चांगली लागू पडतात. २०१९ च्या पोलो चाचणीत अशा रुग्णांना प्लॅटिनमनंतर ओलापॅरिब हे औषध दिल्यावर आजार थांबून राहण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला, एकूण आयुष्य मात्र ठळकपणे वाढले नाही. बदल सापडला तर भाऊ, बहिणी आणि मुलांनीही तपासून घ्यावे. डीपीवायडी आणि यूजीटी१ए१ ही जनुके औषध लागू पडेल का हे सांगत नाहीत, त्रास किती होईल ते सांगतात. पहिल्यात दोष असेल तर ५-एफयू हे केमोचे औषध जिवावर बेतू शकते, दुसऱ्यात असेल तर इरिनोटेकॅन या औषधाने पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जुलाब होतात. फोलफिरिनॉक्स या अनेक औषधांच्या एकत्रित केमोत ही दोन्ही औषधे असतात.

मार्कर चढला तर

एका वाढलेल्या आकड्यावर केमो बदलत नाहीत. आधी बिलिरुबिन, ताप आणि साखर पाहतात, दोन ते चार आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा मोजतात, आणि दोन्ही वेळा चढ दिसला तर सीटी करतात. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर आहे आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तारखा चुकतात. म्हणून रक्त केमोच्या दिवशीच काढणे सोयीचे. फाईलच्या पहिल्या पानावर तक्ता असावा: तारीख, प्रयोगशाळेचे नाव, सीए १९-९, एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, अल्ब्युमिन, वजन. ज्या दिवशी स्टेंट टाकला किंवा बदलला त्या ओळीखाली लाल शाईची रेघ ओढावी, आणि रेघेच्या वरचे आकडे खालच्या आकड्यांशी ताडू नयेत.